बॅटरीची नाडीपरीक्षा

परमुलखात चाकरी करणाऱ्या आम्हां मंडळींचे घर सरकारचे असते, निम्मे सामान खोक्यांत बांधलेले असते, आणि शेजार तर दर तीन वर्षांनी नवा. कायमचे म्हणून जे काही आपल्याबरोबर हिंडते, त्यात कुटुंबाच्या खालोखाल गाडीचा क्रम लागतो. आमची गाडी दिल्लीस घेतलेली. २०२२ साली बदलीबरोबर ट्रकवर चढून ती तिरुचिरापल्लीस आली आणि तिच्या पोटातली बॅटरीही अर्थातच तिच्याबरोबर आली. त्या बॅटरीने २०२५ च्या मे महिन्यात तंजावरच्या राजवाड्यासमोर प्राण सोडला. (स्टेशनावरची पाटी ‘तंजावूर’ म्हणते, पण आमच्या जिभेला इतिहासाच्या पुस्तकातले तंजावरच अधिक परिचयाचे.) आता बॅटरी मेली यात लिहिण्यासारखे काय, असे वाचक विचारतील. तिच्या मरण्याबद्दल आमची तक्रार नाहीच. तिने दोन महिने आधीपासून आम्हांस रीतसर नोटिसा दिल्या होत्या. आणि ज्यांची हयात नोटिसा वाचण्यात गेली अशा आम्ही त्या सर्व नोटिसा न वाचता दप्तरी दाखल केल्या, याची आम्हांस लाज वाटते.

या प्रमादाचे मूळ दिल्लीत आहे. २०२१ चा जानेवारी. धुके असे की समोरच्या क्वार्टरचा दिवा दिसत नव्हता. सकाळी किल्ली फिरवली की स्टार्टर कण्हत असे. आम्ही गाडी कशीबशी एका दुकानात नेली. दुकानदाराने बॉनेट उघडले न उघडले तोच “बॅटरी गेली” असा निकाल दिला आणि आम्ही मुकाट्याने नव्या बॅटरीचे पैसे मोजले. आठच दिवसांत तेच कण्हणे पुन्हा सुरू झाले. शेवटी आमच्या कार्यालयातल्या एका जुन्या ड्रायव्हरने गाडी पाहिली. बॅटरीच्या ऋण टोकापासून गाडीच्या अंगाला जाणारी जी जाड तार असते, जिला ही मंडळी ‘अर्थ’ म्हणतात, ती दुसऱ्या टोकाला, बोल्टापाशी गंजली होती. त्याने ती सोडवली, सँडपेपरने घासली आणि पुन्हा आवळली. काम दहा मिनिटांचे. जुनी बॅटरी बहुधा निरोगी होती. ती आम्ही उगाच मोडीत काढली होती.

यातून आम्ही धडा घेतला, आणि तो अर्धाच घेतला. ‘बॅटरी गेली’ असे कोणी म्हणाले की तार सैल आहे असे समजावे, असे सूत्र आम्ही मनात पक्के केले. ज्याला एकदा खोटे निदान मिळाले, तो पुढे खऱ्या निदानावरही विश्वास ठेवीत नाही. रोग्यांच्या बाबतीत वैद्यांना हा अनुभव असेल.

२०२५ च्या फाल्गुनात पहिली नोटीस आली ती आवाजाची. निरोगी बॅटरीवर स्टार्टर एका दमात फिरतो. आमचा स्टार्टर दुसऱ्या फेऱ्यापाशी किंचित अडखळू लागला, आणि ते अडखळणे आठवड्यागणिक लांबू लागले. पेट्रोल भेसळीचे असावे, असे आम्ही ठरविले. मग रात्री सिग्नलपाशी उभे असता पुढचे दिवे पिवळे पडू लागले. ॲक्सिलरेटर दाबला की ते पुन्हा पांढरे होत. वास्तविक हे लक्षण अल्टरनेटरच्या दुखण्याचेही असू शकते, म्हणून एकट्या त्यावर विसंबून चालत नाही. पण आम्ही कशावरच विसंबलो नाही. तिसरी गोष्ट गाडीतल्या घड्याळाची. ते दर सकाळी बारा वाजता येऊन थांबे. स्टार्टर फिरताना बॅटरीचा दाब इतका खाली जाई की घड्याळाची स्मृतीच पुसली जाई, आणि आम्ही रोज कार्यालयात जाताना ते नव्याने लावीत असू. सौभाग्यवतींनी एकदा विचारले, “हे असं रोज का होतं?” आम्ही उत्तरलो, “घड्याळ बिघडलंय.”

चौथी नोटीस तर तांबड्या शाईतली होती. चैत्रात आम्ही चार दिवस चेन्नईस गेलो होतो. परत येऊन पाहतो तो गाडी मेल्यासारखी पडून. शेजाऱ्यांनी ढकलली, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि ती धावू लागली. आठवडाभर ती ठीक चालली, एवढ्यावर आम्ही निर्धास्त झालो. येथे रिकामी बॅटरी आणि मेलेली बॅटरी यांतला भेद ओळखावयास हवा होता. रात्रभर आतला दिवा चालू राहिला तर उत्तम बॅटरीही रिकामी होते. तिला चार्ज केले की ती पूर्ववत कामाला लागते. पण कोणताही दिवा चालू नसताना, चार दिवस नुसते उभे राहून जिची शक्ती गळून जाते, तिचा रोग निराळा. एक तर गाडीतले काही यंत्र गुपचूप वीज पीत असते, किंवा बॅटरीला वीज साठवून धरणेच जमत नसते. दोन्ही गोष्टी तपासण्याजोग्या होत्या. आम्ही एकही तपासली नाही.

आमच्या बाजूने आम्ही एक पुरावा पुढे करीत असू: डॅशबोर्डवरचा बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा एकदाही लागला नव्हता. पुष्कळांचा हा समज आहे, म्हणून सांगतो. तो दिवा बॅटरीच्या आरोग्याचा नव्हे. इंजिन चालू असता अल्टरनेटरकडून बॅटरीस वीज मिळत नसेल तर तो लागतो. रोगी अन्न पचवू शकतो की नाही हे त्यास कळत नाही. ताट वाढले गेले की नाही एवढेच तो पाहतो.

मे महिन्यात आमचे सासरे, अप्पा, साताऱ्याहून आले. वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त शिक्षक, मोडीचे वाचक, मधुमेही. तिरुचिरापल्लीहून तंजावर सुमारे पंचावन्न किलोमीटर. सतराव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकापासून १८५५ पर्यंत भोसल्यांनी जेथे राज्य केले ते गाव पाहिल्याशिवाय परतावयाचे नाही, असे त्यांनी निघतानाच कळविले होते. तमिळनाडूत ते दिवस ‘अग्नि नक्षत्रा’चे, कत्तिरी उन्हाचे. अशा दिवसांत शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. परंतु अप्पांनी आदल्या संध्याकाळी बृहदीश्वराच्या भिंतीवरचा १८०३ सालचा मराठी शिलालेख इतक्या निवांतपणे वाचला की पहारेकऱ्याने दोनदा घड्याळ पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाडा. नायकांनी बांधलेल्या आणि मराठ्यांनी वाढविलेल्या त्या वास्तूत आम्ही तीन तास फिरलो. दरबार महालातला सरफोजी महाराजांचा हात जोडलेला संगमरवरी पुतळा, कलादालनातले चोळकालीन कांस्य, आणि शेवटी सरस्वती महाल. सरफोजी, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेले दुसरे सरफोजी, यांना डोळ्यांच्या रोगांचा व्यासंग होता. त्यांच्या वेळच्या नेत्ररोग्यांची टिपणे या संग्रहात आहेत: रोग्याची स्थिती, केलेले उपचार, पुढे पडलेला फरक, आणि सोबत त्या डोळ्याचे रंगीत चित्र. बाहेर पडताना अप्पा म्हणाले, “बघा, राजा असून रोज टिपण ठेवायचा. आपण आपल्या दुखण्याचं ठेवत नाही.” आम्ही हसून मान डोलावली.

एक वाजत आला होता. गाडी आवाराबाहेर, भिंतीच्या आटत चाललेल्या सावलीत उभी होती. दहा मिनिटांत पानावर बसू, असे आम्ही आश्वासन दिले. त्या भरवशावर अप्पांनी गाडीत बसल्याबसल्या जेवणाआधीची इन्सुलिनची सुई टोचून घेतली. आम्ही किल्ली फिरवली. ‘टक्’ असा एक आवाज झाला. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे त्याबरोबर मावळले. पुन्हा किल्ली फिरवली, तर टक् देखील नाही.

येथून पुढची पंचवीस मिनिटे आम्हांस विसरता आली असती तर बरे झाले असते. आम्ही बॉनेट उघडले आणि दिल्लीत मिळालेले सूत्र लावले. बॅटरीची टोके स्वच्छ होती, पांढरी-हिरवी भुकटी कोठेही नव्हती. तरी ती सोडविली, पुसली, आवळली. मग ‘अर्थ’च्या बोल्टामागे लागलो, पान्याशिवाय तो हलेना, म्हणून पान्याच्या शोधात डिकी उपसली. सौभाग्यवती दोनदा म्हणाल्या, “आधी अप्पांच्या जेवणाचं बघा.” दोन्ही वेळा आम्ही म्हणालो, “दोनच मिनिटं.” अप्पांच्या कपाळावर घाम डवरला होता. तंजावरच्या मे महिन्यात कोणाच्या कपाळावर नसतो? तेवढ्यात त्यांनी खिडकीतून आमच्याकडे पाहिले आणि अगदी सौम्यपणे विचारले, “सातारा आलं का?”

हातातला पाना तेथेच पडला.

समोरच्या ओट्यावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. ते आमच्या बोलण्याकडे कान देऊन होते हे आम्हांस ठाऊक नव्हते. तमिळ मुलखात आपले बोलणे कोणास कळत नाही या समजुतीने आपण किती निष्काळजी होतो! ते उठून आत गेले आणि पेलाभर साखरेचे पाणी घेऊन बाहेर आले. “साखर आधी,” एवढेच ते म्हणाले, मराठीत. ती मराठी साताऱ्याचीही नव्हती आणि पुण्याचीही नव्हती. तिला तमिळचा हेल होता, तिच्यात काही शब्द आमच्या पणज्यांच्या तोंडचे असावेत असे होते. त्यांच्या घरची मंडळी दोन-अडीचशे वर्षे याच गावात नांदत आली होती. त्यांच्या पत्नीसही हाच विकार असल्याने अप्पांचा चेहरा पाहताच त्यांनी ओळखले होते. आम्हांस गाडीचे दुखणे कळले नाही, माणसाचेही नाही. पंधरा-वीस मिनिटांत अप्पा ताळ्यावर आले, ओट्यावर बसून दहीभात जेवले, आणि त्या गृहस्थांना घरी जुने मोडी कागद आहेत का असे विचारू लागले, तेव्हा सौभाग्यवतींनी प्रथमच आमच्याकडे पाहिले. त्या दृष्टीचे वर्णन आम्ही येथे करीत नाही.

गृहस्थांनीच फोन करून एका मेकॅनिकला बोलावले. तिशीतला पोरगा, स्कूटरच्या पायठेवणीवर एक बॅटरी ठेवून आला. त्याने पहिला प्रश्न केला, “एत्तनै वरुषम् आच्चु, सार?” किती वर्षे झाली? चार वर्षे चार महिने, असे आम्ही थोड्या अभिमानानेच सांगितले. तो हसला. “पोच्चु,” तो म्हणाला. गेली.

दिल्लीतला तो शब्द पुन्हा कानी पडताच, एवढे सगळे झाल्यावरही, आमचा हट्ट उफाळून आला. बॅटरी नव्हे, ‘अर्थ’ पाहा, असे आम्ही दुभाष्यामार्फत बजाविले. पोराने वाद घातला नाही. त्याने आमची बॅटरी काढली. प्रथम ऋण टोक, मग धन टोक, हा क्रम त्याने चुकविला नाही. मग तिच्या जागी आपली बॅटरी ठेवून आमच्याच तारांना जोडली. किल्ली फिरवताच गाडी एका दमात सुरू झाली. तारा त्याच, बोल्ट तोच, ‘अर्थ’ तीच. आमच्या सिद्धान्ताचे खंडन याहून कमी शब्दांत झाले नसते.

पण तो खरा कारागीर होता. बॅटरी रिकामी आहे की मेली आहे हे अजून ठरायचे आहे, म्हणून नवी लगेच घेऊ नका; ही रात्रभर चार्ज करून सकाळी पाहू, असे तो म्हणाला, आणि आपली बॅटरी त्याने आमच्या गाडीत एका रात्रीपुरती राहू दिली. दिल्लीच्या दुकानात नेमकी हीच एक रात्र आम्हांस कोणी दिली नव्हती, आणि आम्ही मागितलीही नव्हती.

सकाळी त्याच्या दुकानात आम्ही आणि अप्पा हजर. मोटारीची बॅटरी म्हणजे सहा घरांची चाळ. प्रत्येक घरात शिशाचे पत्रे व पातळ केलेले गंधकाम्ल, आणि प्रत्येक घराची वीज साधारण २.१ व्होल्ट, सहा मिळून १२.६. फ्रान्समध्ये गास्तों प्लांते याने १८५९ साली शिशाची ही बॅटरी प्रथम सिद्ध केली, आणि मूळ तत्त्व अद्याप तेच आहे. पोराने प्रत्येक घराचे झाकण उघडून आम्ल एका काचेच्या नळीत ओढून घेतले. त्या नळीत एक तरंगता काचेचा दांडा असतो. आम्ल घट्ट असेल तर तो वर तरंगतो, विरले असेल तर बुडतो. आम्लाचा जोर पत्र्यांत मुरून बसला की मागे पाणी उरते. चार्ज केले की तो पुन्हा आम्लात परततो. उष्ण प्रदेशांत १.२४ च्या आसपास घनता आली तरी घर भरलेले समजतात. थंड मुलखात आकडा १.२७ च्या सुमारास असतो. पाच घरांत दांडा झकास वर आला. सहाव्या घरात तो दगडासारखा तळाशी गेला, आणि नळीतले पाणी गढूळ तपकिरी होते. मग त्याने मीटर लावला. रात्रभर चार्ज होऊन, थोडी विसावलेली बॅटरी: साडेदहा व्होल्ट. बारा पूर्णांक सहातून एक घर वजा करून पाहावे. हिशेब तंतोतंत जुळतो. पत्र्यांवरचा शिशाचा गाळ वर्षानुवर्षे झडून तळाशी साचतो, एके दिवशी शेजारच्या पत्र्यांना एकमेकांस भिडवितो आणि ते घर कायमचे बंद पडते. अशा बॅटरीस कितीही चार्ज केले तरी उपयोग नाही.

सगळ्याच बॅटऱ्या इतक्या स्पष्ट बोलत नाहीत. पुष्कळ वेळा सहाही घरे मिळून म्हातारी होतात. अशा वेळी विसावलेल्या बॅटरीचा मीटर १२.६ देखील दाखवील, आणि मालक फसेल. कारण व्होल्ट पुरेसे असले तरी दम नसतो. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जवळजवळ रिकामी, हे कोष्टक भरलेपणाचे आहे, आरोग्याचे नव्हे. दम पाहावयाचा तर पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीवर भार टाकूनच पाहावा लागतो. स्टार्टर फिरत असता मीटर ९.६ च्या खाली कोसळला तर तिची रवानगी जवळ आली. आमच्या एका सहकाऱ्याच्या सीलबंद बॅटरीवर एक हिरवा डोळा आहे. तो हिरवा आहे तोवर ते निश्चिंत असतात. तो डोळा सहांपैकी एकाच घरात पाहतो, हे त्यांना सांगून आम्ही त्यांची झोप उडविली. आता ज्यांनी विजेच्या मोटारी घेतल्या आहेत तेही यातून सुटलेले नाहीत. त्यांच्याही गाडीत बहुधा एक लहान बारा व्होल्टची बॅटरी असते, आणि ती मेली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही.

त्या पोराने आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्हांस सर्वांत मोलाची वाटली. बॅटरी थंडीने मरते असे आम्ही उत्तरेत ऐकत आलो होतो. खरे पाहता तिला मारते ते ऊन. उष्णतेने पाणी उडते, पत्र्यांची जाळी आतून झिजते. तापमान दहा अंशांनी वाढले तर आयुष्य सुमारे निम्मे होते, असा ढोबळ हिशेब आहे. थंडी फक्त परीक्षा घेते. थंडीत इंजिनाचे तेल घट्ट होते, बॅटरीचा जोर उतरतो, आणि उन्हाळ्यात पोखरलेली बॅटरी जानेवारीच्या एका सकाळी उघडी पडते. दिल्लीत, नागपुरात ही वार्षिक परीक्षा होते. तंजावरात थंडीच नाही. येथे ऊन बॅटरी पोखरीत राहते आणि परीक्षा कोणीच घेत नाही. म्हणून ती एकाएकी जाते असे वाटते. दक्षिणेत बदली झालेल्या बंधूंनी तिसऱ्या वर्षानंतर ही परीक्षा स्वतःच घ्यावी, निदान अग्नि नक्षत्रापूर्वी एकदा. बॅटरीवर तिच्या जन्माचा महिना छापलेला किंवा कोरलेला असतो. आपली निवृत्तीची तारीख ज्यांस तोंडपाठ आहे, त्यांस तो एक महिना लक्षात ठेवणे जड जाऊ नये.

नवी बॅटरी तेथेच घेतली. जुनी दुकानातच ठेवून घेतात आणि तिचे पैसे वळते करून देतात. २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. दारावरच्या भंगारवाल्याकडे ती गेली तर आतले आम्ल गटारात आणि शिसे कोणाच्या तरी लेकरांच्या अंगात जाते. घनतेची ती नळी आणि एक साधा मीटर आम्ही विकत घेतला. आदल्या दिवशीच्या गृहस्थांचा निरोप घ्यावयास गेलो, तेव्हा त्यांनी साखरेचा पेला पुन्हा भरून ठेवला होता. थट्टेनेच, पण भरला होता.

परतताना गाडीत फारसे कोणी बोलले नाही. घरी आल्यावर अप्पांनी कागदाची एक पट्टी मागून घेतली आणि तिच्यावर मोडीत तीन रकाने आखले: तारीख, लक्षण, उपाय. पहिली नोंद त्यांनीच केली. ती पट्टी आम्ही बॉनेटच्या आतल्या बाजूस चिकटविली आहे. आम्हांस मोडी येत नाही, त्यामुळे तिच्यावर नेमके काय लिहिले आहे हे आम्हांस त्यांच्या तोंडूनच कळले. दर तीन महिन्यांनी, गाडी रात्रभर विसावल्यावर, सकाळी आम्ही मीटर लावतो, आकडा घेतो आणि साताऱ्यास फोन करतो. तेथे त्यांच्याकडे या पट्टीची एक नक्कल वहीत आहे. ती ते पुढे लिहीत असतात. शेजारच्याच पानावर ते आता आपल्या साखरेचे टिपण ठेवतात, असे सौभाग्यवतींस कळले आहे. गेल्या खेपेस बॅटरी १२.६ भरली. अप्पांनी तो आकडा दोनदा विचारून घेतला. शेजारच्या पानावरचा आकडा आम्ही विचारला, तेव्हा फोनवर आवाज नीट येत नाही, असे ते म्हणाले.